खोगिराखालची पाठ

मे महिना जवळ आला की आपल्या धर्मग्रामांतून सहलींची पत्रके निघू लागतात. श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर, राहाता, खुद्द नगर, कोणतेही गाव घ्या. एक बस ठरते, दोन दिवसांचा कार्यक्रम आखला जातो, आणि महाबळेश्वर किंवा माथेरान यांपैकी एका ठिकाणी आपली कुटुंबे जाऊन येतात. परत आल्यावर प्रत्येक घरी एक छायाचित्र हमखास असते. घोडा, घोड्यावर बसलेले मूल, आणि चौकटीच्या कडेला अर्धवट कापला गेलेला, दोर धरलेला एक हात. वाचकहो, आज मला भांडायचे आहे ते या छायाचित्राशी.

छायाचित्रातला घोडा तयार असतो. त्याच्या पाठीवर खोगीर असते, तोंडात लगाम असतो, कपाळावर एखादा रंगीत गोंडाही असतो. तो कुठून आला, रात्री कुठे उभा होता, सकाळी त्याला पाणी मिळाले की नाही, खोगिराखाली त्याची पाठ कशी आहे, हे प्रश्न आपल्या मनात येत नाहीत. भाजी घेताना आपण वांगे उलटसुलट करून पाहतो, गाय घ्यायची तर तिचे दात मोजतो. पण ज्याच्या पाठीवर आपले पोटचे लेकरू ठेवायचे, त्या जनावराकडे आपण अर्धा मिनिटही पाहत नाही. म्हणून माझे म्हणणे सरळ आणि थोडे कडक आहे: ज्याने घोडा तयार होताना पाहिलेला नाही, त्याने घोड्यावर बसू नये.

‘आम्हांला घोड्यांतले काय कळते?’ असे कोणी म्हणेल. ही सबब मुंबईकराने सांगितली तर एकवेळ चालेल; आपल्या जिल्ह्याने ती सांगू नये. 1624 साली नगरजवळ भातवडीला मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही फौजांना धूळ चारली, ती हलक्या, चपळ घोडदळाच्या युद्धनीतीवर. भीमेच्या खोऱ्यातले भीमथडी तट्टू दख्खनच्या स्वाऱ्यांत नावाजले गेले. आणि आजही मेंढ्यांमागे फिरणारे धनगर आपला संसार त्याच तट्टांच्या पाठीवर लादून नगर, पुणे, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांतून चालतात. ज्यांच्या नावाने आज आपला जिल्हा ओळखला जातो त्या अहिल्यादेवी जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या, धनगराच्याच घरच्या. नगरची छावणी आज रणगाड्यांची असली, तरी तिथे 1994 पासून उभ्या असलेल्या रणगाडा संग्रहालयाच्या नावात ‘कॅव्हलरी’ हा घोडदळाचा शब्द टिकून आहे. आणि पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांच्या यात्रेत रंगपंचमीच्या सुमारास भरणारा गाढवांचा बाजार तर दूरदूरच्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. पाठीवर ओझे वाहणाऱ्या जनावराशी इतका जुना संबंध असलेल्या मुलखाने अज्ञानाचा आव आणणे शोभत नाही.

माथेरानचेच उदाहरण घेऊ, कारण तिथे घोडा हा निव्वळ खेळ नाही. 1850 साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने हे पठार पाहिले आणि इंग्रजांची वस्ती सुरू झाली. 1907 साली आदमजी पीरभॉय यांनी नेरळहून छोटी रेल्वे वर आणली. मोटारींना मात्र गावात बंदीच राहिली, आणि 2003 साली हा सारा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. मोटारी दस्तुरी नाक्याला थांबतात. तिथून पुढे चालणे, रेल्वे, हातरिक्षा किंवा घोडा, एवढेच मार्ग पिढ्यान्‌पिढ्या होते. 2022 च्या डिसेंबरात प्रायोगिक म्हणून ई-रिक्षा आली. परवानाधारक घोडे सुमारे साडेचारशे. प्रवासी घोड्यावर, सामान घोड्यावर, पाहुण्यांना ‘पॉइंट’ दाखवायचे तेही घोड्यावर. म्हणजे तिथल्या अनेक चुली घोड्यांच्या पाठीवर पेटतात, असे म्हटले तर त्यात अलंकार नाही.

आता एक करा. पुढच्या सहलीत एक पहाट राखून ठेवा. सकाळी सहाच्या सुमारास, मुलांना बरोबर घेऊन, ज्याचा घोडा ठरवायचा त्याच्या तबेल्यात जा. परवानगी मागा, ‘दादा, घोडे तयार करताना पाहू का?’ एवढे विचारले तर चांगला घोडेवाला नाही म्हणणार नाही. उलट, कोणीतरी विचारले याचाच त्याला आनंद होईल. आणि जो नाही म्हणेल, त्याने आपल्या प्रश्नाचे उत्तर दिलेलेच असेल.

तिथे गेल्यावर आधी पाण्याकडे पाहा. लहान चणीचा घोडासुद्धा दिवसाला वीस-तीस लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात आणि कामावर त्याहून अधिक. बादली स्वच्छ आहे का, रात्रभर त्याच्या पुढ्यात पाणी होते का, हे डोळ्यांना दिसते. मग चंदी. भिजवलेले हरभरे, कोंडा, आणि त्याआधी भरपूर गवत किंवा कडबा. घोड्याचे शरीर मोठे, पण जठर त्या मानाने लहान असते, आणि त्याला उलटी करता येत नाही. म्हणून पोटभर चंदी चारून लगेच त्याला चढणीला जुंपले तर पोटशूळ उठतो, आणि तो जिवावर बेततो. चंदी केव्हा दिली, एवढा एक प्रश्न विचारा. निदान तासभर आधी दिलेली असली पाहिजे.

नंतर खरारा. आपल्याला वाटते, खरारा म्हणजे घोड्याचा साजशृंगार. तसे नाही. खरारा करताना मोतद्दाराचा हात सगळ्या अंगावरून फिरतो. कुठे सूज आहे, कुठे कातडी गरम लागते, कुठे हात लावताच घोडा अंग चोरतो, हे त्या हाताला समजते. कालचा घाम आणि धूळ पाठीवर तशीच वाळलेली असेल आणि तिच्यावर खोगीर आवळले, तर ती धूळ दिवसभर खरकागदासारखी घासत राहते. त्यानंतर चारही पाय उचलून खूर कोरले पाहिजेत. माथेरानच्या तांबड्या मातीत आणि खड्यांत खुराच्या खोबणीत दगड अडकणे ही रोजची गोष्ट आहे. नाल सैल आहे का, खिळा वर आला आहे का, हेही याच वेळी पाहायचे. खूर आपल्या नखांसारखे वाढतात; पाच-सहा आठवड्यांनी नालबंदाचा हात त्यांवरून फिरलाच पाहिजे.

मग खोगीर. ‘खोगीरभरती’ हा शब्द आपण निरुपयोगी गोष्टींसाठी वापरतो. परंतु घोड्याच्या दृष्टीने त्या भरतीवरच सारे अवलंबून असते. खालची गादी कोरडी आणि मऊ आहे का? खोगीर थोडे पुढे ठेवून केसांच्या दिशेने मागे सरकवले जाते का, की धसकन टाकले जाते? मानेच्या मुळाशी, दोन्ही खांद्यांच्या वर जो हाडाचा उंचवटा असतो त्यावर खोगिराची कमान टेकता कामा नये. मध्ये बोटे जातील एवढी जागा हवी. तंग एकदम करकचून आवळायचा नसतो, दोन-तीन टप्प्यांत आवळायचा असतो. आणि खोगीर चढण्याआधीच पाठीकडे नीट पाहा. काळ्या किंवा तांबड्या घोड्याच्या पाठीवर मध्येच पांढऱ्या केसांचे ठिपके दिसतात. पुष्कळांना ते जन्मखूण वाटतात. बहुतेक वेळा त्या बऱ्या झालेल्या जखमांच्या खुणा असतात. जखम भरली, पण केसांचा रंग गेला. त्या खुणा जुन्या असतील तर घोडेवाल्याला सावध करा. ओल्या असतील तर घोडा नाकारा.

शेवटी त्याला दहा पावले चालवून दाखवायला सांगा. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय जमिनीला टेकताना घोडा डोके वर झटकतो. हे ओळखायला पशुवैद्य लागत नाही, दोन डोळे लागतात. आणि आणखी एक गोष्ट पाहा: मालक जवळ आला की घोड्याचे कान कुठे वळतात. जो घोडा मालकाच्या आवाजाकडे कान टवकारतो आणि जो मालकाचा हात वर जाताच कान मागे पाडून डोळ्यांचे पांढरे दाखवतो, त्या दोघांच्या घरची कथा वेगवेगळी आहे.

यातली एकही गोष्ट मी पदरची सांगत नाही. आपला कायदा याहून फार पुढे गेलेला आहे. फक्त तो कोणी वाचत नाही. प्राण्यांचा छळ प्रतिबंधक कायदा 1960 सालचा. जखमी, आजारी, वृद्ध किंवा अशक्त जनावराला कामाला लावणे त्यात गुन्हा ठरवले आहे. 1965 साली ओझ्याच्या आणि ओढीच्या जनावरांसाठी नियम झाले. त्यांनुसार दिवसात नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. तापमान 37 अंशांच्या वर असेल तेथे दुपारी बारा ते तीन या वेळेत जनावर जुंपता येत नाही. काटेरी लगाम वापरता येत नाही. खोगिराची कमान त्या उंचवट्यावर टेकू नये, हेसुद्धा त्या नियमांत लिहिलेले आहे! आणि माल वाहणाऱ्या तट्टाच्या पाठीवरील ओझ्याची मर्यादा आहे 70 किलो, गाढवाच्या पाठीवर 50 किलो. आता आपण प्रामाणिकपणे स्वतःला तराजूत घालावे. सत्तरऐंशी किलोचा गृहस्थ, वर खोगिराचे वजन, आणि पुढ्यात ‘एवढासा तर आहे’ म्हणून बसवलेला सहा वर्षांचा मुलगा. मालाची गोणी निदान एका जागी स्थिर असते. नवशिका स्वार तेवढाही स्थिर नसतो.

जनावराचा छळ केला तर कायद्यात शिक्षा काय? पहिल्या गुन्ह्याला दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत दंड. 1960 साली पन्नास रुपयांना काही अर्थ होता. आज त्या रकमेत माथेरानला दोन कप चहा मिळाला तर नशीब. 2022 साली कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला गेला, पण दंडाचा जुना आकडा कायद्याच्या पुस्तकात बसूनच आहे. ज्या कायद्याचा दंड एका फेरीच्या भाड्याहून कमी, तो कायदा घोड्याचे रक्षण कसा करणार? तेव्हा पोलीस येतील, निरीक्षक पाहतील, या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. घोडा आणि घोडेवाला यांच्यामध्ये तिसरा माणूस एकच उभा असतो, आणि त्याच्या खिशात पैसे असतात. तो म्हणजे आपण.

या म्हणण्याला तीन बाजूंनी विरोध होतो. तिन्ही बाजू ऐकून घेतल्या पाहिजेत.

पहिले म्हणतात, ‘जनावर माणसाच्या सेवेसाठीच निर्माण झाले आहे; त्याचे एवढे काय?’ हे वाक्य आपल्याकडे धार्मिक सुरात बोलले जाते, म्हणून त्याला त्याच अंगणात उत्तर देतो. ज्या दहा आज्ञा आपण पाठ केल्या, त्यांतल्या शब्बाथाच्या आज्ञेत विश्रांतीचा हक्क बैलाला आणि गाढवालाही नावानिशी दिलेला आहे. 1992 च्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाने एकाच परिच्छेदात दोन गोष्टी सांगितल्या आहेत: प्राण्यांना विनाकारण यातना देणे हे माणसाच्याच प्रतिष्ठेला बाधक आहे, आणि माणसाच्या दैन्यनिवारणासाठी लागणारा पैसा प्राण्यांवर उधळणेही योग्य नाही. सेवेसाठी म्हणजे छळासाठी नव्हे, एवढा साधा भेद ज्याला कळत नाही, त्याने धर्माचा आधार शोधू नये.

दुसरे अगदी उलट टोकाचे. ते म्हणतात, ‘घोडेस्वारीच बंद करा.’ शहरातल्या दिवाणखान्यात बसून ही मागणी करणे सोपे आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांचे उदाहरण ते देतात. जून 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या गाड्या बेकायदा ठरवल्या आणि तबेल्यांच्या दुर्दशेवर बोट ठेवले. ती दुर्दशा खरी होती; निर्णयाशी माझे भांडण नाही. परंतु गाडीवाल्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न त्यानंतर वर्षानुवर्षे रेंगाळला, हेही खरे. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करण्यासही सांगितले. माणसाने माणसाला ओढावे हे लांच्छन संपलेच पाहिजे होते. पण घोड्याच्या जागी ई-रिक्षा आली की घोड्याचे काय होते? त्याला कोणी निवृत्तिवेतन देत नाही. 2012 आणि 2019 या दोन पशुगणनांमध्ये देशातले घोडे-तट्टू सव्वासहा लाखांवरून सुमारे तीन लाख चाळीस हजारांवर आले, आणि गाढवे सव्वातीन लाखांच्या आसपास होती ती सव्वा लाखावर. काम संपले की जनावरही संपते. भीमथडीला 2023 साली स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, त्याचा आपण अभिमान बाळगू. पण ती जात प्रमाणपत्रावर जगणार नाही. ती जगायची तर तिला न्याय्य काम हवे आणि त्या कामाचा न्याय्य मोबदला तिच्या धन्याला हवा.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे, आणि तो खुद्द घोडेवाल्याचा आहे. ‘साहेब, तुम्ही घोडा नाकारून जाल, माझ्या घरी आज चूल कशी पेटेल?’ हंगाम काय तो दिवाळीचा, नाताळचा आणि मेचा. पावसाळ्यात उत्पन्न आटते, पण घोड्याची भूक आटत नाही. घोड्याला चार दिवस बसवून ठेवले तर कमाई शून्य आणि वैरणीचा खर्च चालूच. पुष्कळदा दोर धरून शेजारी धावणारा मुलगा मालकही नसतो. त्याला दिवसाच्या फेऱ्यांवर पैसे मिळतात. त्यात रस्त्यांवर बसवलेल्या गुळगुळीत पेव्हर ब्लॉकवरून नाल मारलेला पाय घसरतो, ही अश्वपालांची तक्रार आहेच. अशा माणसाला ‘निर्दय’ म्हणून मोकळे होणे हा आपलाच निर्दयपणा आहे.

पण मग घोडं पेंड खातं कुठं? ते आपल्या घासाघिशीत खातं. सांगितलेल्या भाड्याच्या निम्म्यावर घोडा आणला, ही फुशारकी आपण बसमध्ये परतताना मारतो. तो निम्मा पैसा कुठून कापला जातो? घोडेवाल्याच्या भाकरीतून आणि घोड्याच्या चंदीतून. तिसरी जागाच नाही. ‘एकाच घोड्यावर दोघे बसू’, ‘वेळ नाही, जरा पळव’, ‘दुपारीच निघू’, ही वाक्ये घोडेवाल्याची नसतात, आपली असतात. ओझे घोडेवाला लादतो हे खरे, परंतु त्याला ते लादायला लावणारी जीभ आपली असते. पर्यटकांना दस्तुरी नाक्यावर फसवले जाते, अशी ओरड मार्च 2025 मध्ये एवढी वाढली की माथेरानकरांनीच गाव बंद ठेवले. फसवणुकीचे समर्थन मी करत नाही. पण ज्या बाजारात गिऱ्हाईक फक्त स्वस्त तेच मागते, त्या बाजारात प्रामाणिक घोडेवाला मागे पडतो आणि लबाड पुढे येतो, हा नियम घोड्यांना जसा लागू आहे तसा दुधालाही आहे.

म्हणून मागण्या अशा आहेत, आणि त्या प्रथम आपल्याकडूनच आहेत. सहलीच्या पत्रकात ‘घोडेस्वारी’ लिहिण्याआधी आयोजकांनी तबेला पाहण्याची पहाट लिहावी. एका पाठीवर एकच माणूस. जड माणसाने पायी चालावे, त्याच्या प्रकृतीलाही ते बरे. भर दुपारी स्वारी नको. पाठीवर जखम दिसली तर घोडा नाकारावा, पण घोडेवाल्याला झिडकारू नये. त्याचा दुसरा घोडा घ्यावा, तो नसेल तर एका फेरीचे पैसे त्याच्या हातावर ठेवून ‘याला आज विसावा द्या’ म्हणावे. तीस जणांच्या गटाला एका फेरीचे पैसे जड नाहीत. आपण आइस्क्रीमवर त्याहून अधिक खर्च करतो. आणि ज्याचा तबेला स्वच्छ, घोडा धष्टपुष्ट, त्याला ठरलेले पूर्ण भाडे द्यावे व त्याचे नाव पुढच्या गटाला सांगावे. नगरपालिकेकडेही आपण गिऱ्हाईक म्हणून मागणे मागू शकतो: घोडे उभे राहतात तिथे वजनकाटा, पाण्याची टाकी, सावली, आणि हंगामात रोज येणारा पशुवैद्य. दंडाची रक्कम वाढवण्यासाठी खासदारांना पत्र पाठवायला धर्मग्रामातल्या युवक मंडळाला एक रविवार पुरे.

सहल वर्षातून एकदा; वर्षभराचा हिशेब घरच्या अंगणात द्यायचा असतो. आपल्याच जिल्ह्यात वीटभट्टीवर विटा वाहणारी गाढवे आहेत, आणि त्यांच्या पाठीवरच्या ओझ्याची मर्यादा 50 किलो आहे. आपले घर बांधताना वीट किती रुपयांना पडली हे आपण विचारतो. ती कोणाच्या पाठीवरून आली हे विचारत नाही. लग्नाच्या वरातीत बॅन्डच्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, फटाक्यांच्या धुरात तीन तास उभ्या केलेल्या घोडीला पाणी दाखवले का, हे पाहणारा एकतरी पाहुणा आपल्यात असावा. मढीच्या बाजारात जाणाऱ्याने गाढवाचे दात पाहावेत, पण त्याआधी पाठ पाहावी.

मुलांना घोड्यावर बसवू नका, असे मी म्हणत नाही. जरूर बसवा. परंतु त्याआधी त्यांच्या हाती खरारा द्या, बादली उचलू द्या, त्या गरम पाठीवर तळहात ठेवू द्या. घोड्याला नाव असते, ते विचारू द्या, आणि दोर धरणाऱ्या दादालाही नाव असते, तेही विचारू द्या. मग जे छायाचित्र घरी येईल त्यात तो हात चौकटीच्या कडेला कापलेला असणार नाही. मुलेच म्हणतील, दादा, तुम्हीही मध्ये या.